खाजकुयलीचं बी आणि अण्णांच्या गोळ्या

गेल्या अंकात या सदरात कंपवाताच्या गोळ्या घड्याळ लावून का घ्यायच्या, याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रं आली, पण निम्म्याहून जास्त पत्रांत गोळ्यांचा विषयच नव्हता. सगळ्यांना झाडपाल्याबद्दल विचारायचं होतं. ब्राह्मी द्यावी का, हळदीनं विसरणं थांबतं का, डोक्याला मार लागलेल्या मुलाला काय पाजावं. मी ३१ वर्षं फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवल्या, तेव्हा हे प्रश्न माझ्याकडे येणार हे ओघानंच आलं. पत्रं थोडी आटोपती केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

बाई, नमस्कार. सासरे ७१ वर्षांचे आहेत, सहा वर्षांपासून कंपवात. दिवसातून चार वेळा ११०ची गोळी चालू आहे. दिवाळीला आलेल्या नात्यातल्या एकांनी कवचबीजाचं चूर्ण सांगितलं. म्हणाले, यात गोळीतलंच औषध आहे, पण नैसर्गिक. महिनाभर सकाळ-संध्याकाळ एक चमचा दुधातून देतेय. पहिले आठ दिवस चालणं इतकं सुधारलं की आम्हाला आनंद झाला. आता दुपारी मान आणि हात आपोआप वळवळतात आणि रात्री खोलीत माणसं दिसतात असं म्हणतात. चूर्ण बंद करू का? डॉक्टर रागावतील या भीतीनं अजून सांगितलेलं नाही. (एक सूनबाई, सातारा)

आजच फोन करा. रागावले तर रागावू देत. चूर्ण चालू आहे, एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेलं की त्यांना पुढचं सगळं कळेल. गोळ्या मात्र आपल्या मनानं कमीही करू नका आणि बंदही करू नका. त्या एकदम तोडल्या तर अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढू शकतो, जिवावर बेततं. चूर्ण कसं थांबवायचं तेही डॉक्टरांना विचारूनच.

तुमच्या नातेवाइकांनी सांगितलं ते खोटं नाही. कवचबीज म्हणजे आपल्या खाजकुयलीचं बी. आमच्या राजापूरकडे काजूच्या बागेत कुंपणावर हा वेल चढलेला असायचा. शेंगेवर सोनेरी तपकिरी मखमल. लहानपणी एकदा मी ती मखमल गालावर फिरवली आणि संध्याकाळपर्यंत आई शेण चोळत बसली होती. त्या मखमलीआत चार-पाच बिया असतात, काळ्या किंवा करड्या, गुळगुळीत, पावट्यापेक्षा मोठ्या. त्या बियांत लेवोडोपा असतो. तुमच्या सासऱ्यांच्या गोळीतला लेवोडोपा आणि हा, रेणू एकच. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली तो या बियांतून वेगळा काढून दाखवला. त्याच्याही आधी, १९१३ साली, स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून तो काढला होता. त्यांनी स्वतःच अडीच ग्रॅम गिळून पाहिला आणि त्यांना जोरात उलट्या झाल्या. या उलट्यांकडे आपण परत येऊ, कारण तुमच्या घरी जे झालं त्याची चावी तिथेच आहे.

कंपवातात मेंदूतल्या एका छोट्या भागात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामिन तोंडावाटे देऊन उपयोग नाही, मेंदूभोवतीचा पहारा त्याला आत सोडत नाही. लेवोडोपाला मात्र सोडतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. अडचण अशी की नुसता लेवोडोपा घेतला तर बहुतेक सगळ्याचं डोपामिन मेंदूच्या बाहेरच होऊन जातं. मेंदूपर्यंत पोचतो तो अगदी थोडा, आणि बाहेरच्या डोपामिननं मळमळ, उलटी, उभं राहिलं की चक्कर. गुगेनहाइम यांना तेच झालं. म्हणून ११०च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेवोडोपाबरोबर १० मिलिग्रॅम कार्बिडोपा घातलेला असतो. कार्बिडोपा मेंदूत जात नाही. तो बाहेर उभा राहून लेवोडोपाला वाटेत खर्च होऊ देत नाही.

आता तुमचा चमचा. पत्र वाचल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चमचा तोलून पाहिला. सपाट चमचा तीन ग्रॅम भरला, शीग लावून पाचाच्या पुढे गेला. या बियांत वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के लेवोडोपा असतो. पाच ग्रॅमला चार टक्के धरले तरी २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन गोळ्यांइतका. नुसतं चूर्ण कोणी घेतलं तर त्यातला बराचसा वाटेतच संपला असता. पण तुमच्या सासऱ्यांच्या पोटात गोळीतला कार्बिडोपा आधीच हजर आहे. तो गोळीतल्या लेवोडोपाची राखण करतो तशी चूर्णातल्याचीही करतो. त्यामुळे दिवसाला चार गोळ्या घेणारा माणूस एकाएकी सात-आठ गोळ्यांच्या घरात गेला. पहिले आठ दिवस चालणं सुधारलं ते याच्याच जोरावर. मान वळवळते आणि माणसं दिसतात तीही यानंच. त्यांना वेड लागलेलं नाही, एवढं त्यांना मुद्दाम सांगा. आपल्याला नसलेली माणसं दिसतात याची या पेशंटना फार लाज वाटते.

शिवाय प्रत्येक पुडीत तेवढाच लेवोडोपा असेल असं नाही. बी भाजलं, उकडलं की तो कमी होतो. दुधात शिजवून शोधन केलेल्या बीचं चूर्ण वेगळं, कच्च्या बीचं वेगळं. २०२२ साली अमेरिकेत बाजारातले असे १६ ब्रँड तपासले, तर एका वेळच्या मात्रेत २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत काहीही निघालं. आणि दुधातून देणं तर मुळातच बरोबर नाही. दुधातली प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच दारानं आत जातात. दूध, पनीर, डाळ जास्त असेल त्या जेवणाबरोबर औषध अडून बसतं. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी.

याचा अर्थ खाजकुयली निरुपयोगी आहे असा नाही, आणि तसं कोणी म्हटलं तर मला राग येतो. मुंबईत १९७०च्या दशकात अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना हे बी देऊन पाहिलं आणि १९७८ साली ते छापलं. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तोलूनमापून चाचणी झाली, त्यात ३० ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर दिसला आणि जास्त वेळ टिकला. पुढे इटलीच्या डॉक्टरांनी १४ जणांना १६ आठवडे रोज दिलं, तेव्हा निम्म्यांना मध्येच सोडावं लागलं. कोणाचं पोट बिघडलं, कोणाची हालचाल आणखी मंदावली. बी खरं आहे, गुण खरा आहे. मात्रा कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आहे.

एक गोष्ट घरची सांगते. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी त्यांना कंपवात झाला. फळ्यावर वळणदार अक्षर काढणाऱ्या माणसाची सही मुंगीएवढी झाली. गोळ्यांवर दोन वर्षं बरी गेली आणि मग त्यांचे हात जेवताना नाचायला लागले. आमटीची वाटी तोंडापर्यंत जाईना. डॉक्टरांनी गोळी कमी केली, तरी फरक नाही. पुन्हा कमी केली, मग सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येईना. तीन महिने असेच गेले. एका रविवारी त्यांच्या उशीखाली धोतराच्या चिंधीत बांधलेली पूड सापडली. गावातल्या कोणीतरी दिली होती. मी कॉलेजात त्याच आठवड्यात मुलांना खाजकुयलीतला लेवोडोपा शिकवला होता, फळ्यावर रचना काढून. घरी येऊन अण्णांना मात्र कधी विचारलं नाही की गोळीशिवाय आणखी काय घेता. ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू बंद केली असतीस." खरंच केली असती. त्यांना ती पूड घेताना आपण स्वतःसाठी काहीतरी करतोय असं वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सूनबाई, सासऱ्यांच्या हातातून पुडी हिसकावून घेऊ नका. त्यांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पुडी टेबलावर त्यांनाच ठेवू द्या.

मॅडम, मी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात की वनस्पतींतून मेंदूचं औषध निघतं हे फक्त पेपरात छापायला असतं, प्रत्यक्षात एकही आलेलं नाही. खरं आहे का? (विद्यार्थी, लातूर)

अरे, असं कोण म्हणतं? त्यांना गॅलँटामिन विचार. स्नोड्रॉप नावाचं बर्फातून डोकं काढणारं छोटं पांढरं फूल असतं, त्याच्या एका कॉकेशियन जातीच्या कंदातून सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हा अल्कलॉइड काढला. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचं औषध केलं आणि ते पोलिओनं लुळ्या पडलेल्या मुलांना दिलं जायचं. असेटिलकोलिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन, ते तोडणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवतं. अल्झायमरमध्ये असेटिलकोलिन कमी पडतं हे कळल्यावर जुनं औषध नव्या कामाला लागलं आणि २००१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आज डॉक्टर ते रोज ८ मिलिग्रॅमपासून सुरू करून २४पर्यंत नेतात. त्यानं अल्झायमर बरा होत नाही. काही रुग्णांची आठवण आणि रोजची कामं थोडा काळ जास्त टिकतात, इतकंच. पण ज्या घरात आजीला नातवाचं नाव आणखी काही महिने आठवत राहतं, त्या घराला "इतकंच" म्हणजे किती ते विचार.

दुसरं रिव्हास्टिग्मिन. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारकडे आरोपीला एक विषारी बी खायला घालून दोषी की निर्दोष ठरवायचे. त्या बीतलं फायसोस्टिग्मिन १८६४ साली वेगळं झालं. त्याच्या रचनेवरून धडा घेऊन जेरुसलेममध्ये मार्ता वाइनस्टॉक यांनी रिव्हास्टिग्मिन घडवलं. आज त्याची पट्टीही मिळते, त्वचेवर लावायची.

तिसरी गोष्ट आपल्या मातीतली, आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब कमी होतो हे ब्रिटिश नियतकालिकात रुग्णांच्या नोंदींसह मांडलं. जगभर सर्पगंधेची मागणी वाढली, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं निघालं. मग दिसायला लागलं की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण कंपवाताच्या रुग्णांसारखे मंदावतात. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ते निपचित पडले. मग लेवोडोपा टोचला आणि ससे उठून हिंडायला लागले. कंपवातावरचा आजचा सगळा उपचार त्या सशांपासून सुरू होतो. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. एका मुळीनं मेंदूतलं डोपामिन रितं केलं, आणि ज्यानं ते भरून निघालं तो रेणूही एका शेंगेत आधीच सापडलेला होता. हे शिकवताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते असं. उंदरात जमलेलं माणसात बहुतेक वेळा जमत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २०१२ साली अश्वगंधेच्या मुळीच्या अर्कानं अल्झायमरसारख्या उंदरांच्या मेंदूतला चिकट प्रथिनाचा थर ओसरला, विसरलेली वाट ते पुन्हा शोधू लागले. सुंदर काम आहे, नीट वाच. तो अर्क मेंदूत शिरून नव्हे, तर यकृतातलं एक प्रथिन वाढवून काम करत होता, हे त्यांनी दाखवलं. पण एवढ्यावरून आपल्या आजोबांना अश्वगंधा दे असं मी तुला म्हणणार नाही. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

माझा मुलगा २४ वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार. १९ दिवस आयसीयूत होता. आता घरी आहे, चालतो, पण शब्द सापडत नाहीत, लगेच चिडतो. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू आहे. लोक ब्राह्मी घृत, शंखपुष्पी सिरप, मालकांगणीचं तेल सांगतात. मेंदूच्या मेलेल्या पेशी एखाद्या वनस्पतीनं परत येतात का? खोटी आशा नको, खरं सांगा. (एक वडील, इचलकरंजी)

दादा, खरं मागितलंत, तेव्हा खरंच सांगते. मार लागून मेलेल्या पेशी परत आणणारं औषध आज जगात नाही, झाडाचंही नाही आणि कारखान्याचंही नाही.

याच्यासाठी प्रयत्न कमी झाले नाहीत. एकच सांगते. मेक्सिकोच्या जंगलात रताळ्यासारखा एक कंद मिळतो. त्यातल्या डायोस्जेनिनपासून १९४०च्या दशकात रसेल मार्कर यांनी प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि हे महागडं हार्मोन स्वस्त झालं. पुढे दिसलं की प्रोजेस्टेरॉननं मार लागलेल्या उंदरांच्या मेंदूची सूज उतरते. माणसांवरच्या दोन छोट्या चाचण्यांतही आशा दिसली. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एकीत ८८२ रुग्ण, दुसरीत ११९५. काही जणांना तर अपघातानंतर चार तासांच्या आत औषध सुरू केलेलं. २०१४च्या डिसेंबरात दोन्हींचे निकाल एकदम छापून आले. ज्यांना औषध दिलं ते आणि ज्यांना नाही दिलं ते, यांच्यात फरक नव्हता. मी तो निकाल वाचला त्या दिवशी अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्या हजारो घरांचा विचार मनातून जाईना.

हे ऐकून हात गाळू नका. मेलेली पेशी येत नाही, पण शेजारच्या जिवंत पेशी नवे दुवे बांधतात, आणि २४ वर्षांच्या मेंदूत ही ताकद भरपूर असते. ती वापरली तर वाढते. तीन महिने म्हणजे सुरुवात आहे. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे न्या. इचलकरंजीत सोयीचं नसेल तर कोल्हापूर-सांगलीला आठवड्यातून एकदा जाऊन घरी करायचा अभ्यास घेऊन या. शब्द अडला की तुम्ही पुरवू नका, दहापर्यंत मनात मोजा आणि त्याला शोधू द्या. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा, तांदूळ, साखर, चहा, आणि त्यालाच चहा करायला सांगा. चिडचिड हा त्याचा स्वभाव झालेला नाही, मेंदूच्या पुढच्या भागाला लागलेल्या माराचा तो भाग आहे. घरात एका वेळी एकानंच बोलायचं, टीव्ही बंद ठेवून. दुपारची झोप चुकवू नका.

आता सिरपचं. इथे मी हात जोडून सांगते, फेनिटॉइन चालू असताना शंखपुष्पीचं सिरप देऊ नका. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दोन रुग्णांच्या आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ लागल्या. शोध घेतला तर दोघांनाही शंखपुष्पीची एक तयार औषधी चालू झालेली. तिथल्या औषधशास्त्रज्ञांनी उंदरांवर तपासलं, तेव्हा रक्तातलं फेनिटॉइन तिच्यानं खाली येतं असं निघालं. १९९२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. याच्या उलट मिऱ्यातलं पायपरीन फेनिटॉइन वाढवतं. स्वयंपाकातल्या मिऱ्याची काळजी नको, पण हळदीच्या कॅप्सुलांत मुद्दाम घातलेला मिऱ्याचा अर्क असतो त्यानं हिशेब बिघडू शकतो. फेनिटॉइनची रेघ अगदी बारीक असते. खाली गेलं तर फिट, वर गेलं तर तोल जाणं, डोळे फिरणं. मार लागलेल्या मेंदूला नवी फिट परवडणारी नाही.

मालकांगणीच्या तेलानं डोकं हलक्या हातानं चोळायचं असेल तर, जखम पूर्ण भरली असेल आणि कवटीचं हाड काढलेलं नसेल तर, चोळा. आईच्या हातानं डोक्याला तेल लागणं यालाही काही मोल आहे, ते मी नाकारणार नाही. पोटात मात्र काही नको. आणि त्याला पुन्हा कधी गाडीवर बसावंसं वाटलं तर आधी डॉक्टरांची परवानगी, मग हेल्मेट. दुसरा मार पहिल्यापेक्षा वाईट असतो.

आई ६८ वर्षांची, हल्ली गॅस चालू ठेवून विसरते. आम्ही रोज हळदीचं दूध देतो. आता एका दुकानदारानं करक्युमिनच्या महागड्या कॅप्सुल सुचवल्या आहेत. घ्याव्यात का? (डोंबिवली)

आधी आईला तपासून घ्या. थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणं, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, यांतल्या कशानंही असंच विसरायला होतं आणि यांतलं पुष्कळसं सुधारतं. कॅप्सुलच्या नादात ते राहून जाऊ नये.

हळदीवर माझं प्रेम आहे. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं लढून १९९७ साली रद्द करवलं, तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले होते. पण हळदीत करक्युमिन जेमतेम तीन टक्के. दुधातल्या अर्ध्या चमच्यात फार तर ४०-५० मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून आत शिरलेलं थोडंसं यकृत लगेच बाहेर घालवतं, मेंदूपर्यंत काय जाणार? अमेरिकेत ३६ अल्झायमर रुग्णांवर २४ आठवडे दिवसाला २ आणि ४ ग्रॅम करक्युमिन देऊन पाहिलं. चार ग्रॅम म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम हळद रोज. उपयोग झाला नाही, रक्तातही अगदी नाममात्र सापडलं. २०१८ साली लॉस एंजलिसमध्ये जास्त शोषलं जाईल अशा खास करक्युमिननं १८ महिन्यांत स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली. ती माणसं ४०, आणि त्यांतल्या कोणालाही डिमेन्शिया नव्हता. एवढ्याशा आधारावर मी तुम्हाला महिन्याला हजारो रुपये घालवायला सांगणार नाही. अशा जास्त शोषणाऱ्या कॅप्सुलांनी यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. दूध चालू द्या, छानच लागतं. आणि गॅसला आपोआप बंद होणारा टायमर बसवून घ्या, तो आधी.

कुंडीत लावलेली ब्राह्मी आणि दुकानातली ब्राह्मी वेगळी दिसते. खरी कोणती? (पुणे)

दोन्हींना ब्राह्मी म्हणतात, घोळ तिथेच आहे. तुमच्या कुंडीत बहुतेक मंडूकपर्णी असेल, कोकणातली कारिवणा. पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते, जमिनीवर धावणारा तंतू. दुसरी नीरब्राह्मी, ओढ्याकाठी चिखलात वाढते. पानं बारीक, जाड, चमच्यासारखी, फूल पांढरट निळसर. पान चावून पाहा, जीभ कडू पडली तर नीरब्राह्मी. स्मरणशक्तीवर माणसांत जे प्रयोग झाले त्यांतले बरेचसे या दुसरीवर झाले, बारा-बारा आठवडे, आणि बहुतेक निरोगी माणसांत. शिकलेलं थोडं जास्त लक्षात राहतं असं काहींत दिसलं. डिमेन्शिया झालेल्यांना तिनं गुण येतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. काहींना मळमळ, जुलाब होतात.

पक्षाघातावर चीनमध्ये भीमसेनी कापरापासून औषध केलंय असं वाचलं. आमच्या वाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात जायला दोन तास लागतात. तोवर कापूर पाण्यातून द्यावा का? (सिंधुदुर्ग)

नाही, अजिबात नाही. कापूर पोटात गेला तर फिट येते. आणि पक्षाघात झालेल्या माणसाला गिळता येईल याची खात्री नसते, पाणीसुद्धा छातीत जाईल.

तुम्ही वाचलंत ते औषध शिरेतून देतात. एडारावोन नावाच्या औषधाबरोबर डेक्सबोर्निओल, म्हणजे अस्सल भीमसेनीतला बोर्निओल. चीनमधल्या ११६५ रुग्णांत, पक्षाघातानंतर ४८ तासांच्या आत, ते दिल्यावर नव्वदाव्या दिवशी ६७ टक्के लोक जवळजवळ पूर्ववत होते, नुसत्या एडारावोननं ५९ टक्के. सेलरीच्या बियांत सापडलेलं ब्युटिलफ्थॅलाइडही चीनमध्ये २००२पासून वापरात आहे. २०२३ साली छापलेल्या त्याच्या मोठ्या चाचणीतल्या सगळ्या रुग्णांची गुठळी आधी औषधानं किंवा तार घालून काढण्याचा इलाज झालेला होता, त्याच्या जोडीला हे दिलं. म्हणजे आधी गुठळी, मग बाकीचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. तुमचे दोन तास रस्त्यातच जाणार. म्हणून तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं की घड्याळ बघा, वेळ लिहून घ्या, १०८ला फोन करा. आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात. बहिणीनं दुबईहून त्यांच्या विसरण्यासाठी गिंको आणलाय. (नागपूर)

गिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. अमेरिकेत ३०६९ वृद्धांना सरासरी सहा वर्षं गिंको किंवा दिसायला तशीच खोटी गोळी दिली. २००८ साली निकाल आला, डिमेन्शिया थांबला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तो घेतला तर रक्तस्रावाची भीती वाढते. बाटली उघडली नसेल तर उघडू नका. उघडली असेल तर किती दिवस घेतल्या ते मोजा आणि वडिलांचा दात काढायचा असेल, मोतीबिंदू करायचा असेल, तर तो आकडा डॉक्टरांना आधी सांगा.